घाणेरीचं खातं

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसानं सौंदर्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आकडे सुंदर नसतात हे खरं, पण ते वाढतात ते निदान सांगून-सवरून वाढतात. व्याजाचा दर पाटीवर लिहिलेला असतो. फुलांच्या बाबतीत असली पाटी कुणी लावत नाही.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता आमच्या सौभाग्यवतींनी बाल्कनीत बाग करण्याची घोषणा केली. आमची बाल्कनी म्हणजे वर्तमानपत्र पुरतं उघडलं तर अर्धं पान शेजाऱ्यांच्या हद्दीत जाईल एवढी. पण घोषणा झाल्यावर जागा मोजायची नसते, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो आहे. रविवारी सकाळी आम्ही एका नर्सरीत दाखल झालो. गुलाब बघितला, त्याची कीड बघितली. मोगरा बघितला, त्याची किंमत बघितली. शेवटी नर्सरीवाल्यानं आमचा एकंदर वकूब ओळखून कोपऱ्यातली एक कुंडी पुढे सरकवली.

"साहेब, हे न्या. लँटाना. पाणी कमी चालतं, ऊन कितीही द्या, कीड नाही, बारा महिने फूल. मरतच नाही."

'मरतच नाही' हे त्यानं गुण म्हणून सांगितलं आणि मीही ते गुण म्हणूनच ऐकलं. फुलं मात्र खरोखरच देखणी होती. रुपयाएवढा गुच्छ, मधोमध पिवळी फुलं, त्याभोवती नारंगी आणि अगदी कडेला गुलाबी. पैठणीच्या दुकानात न जाता असा रंग दीडशे रुपयांत घरी येतोय म्हटल्यावर मी घासाघीसही केली नाही. तिथंच चुकलं. जी वस्तू घासाघीस न करता घ्यावीशी वाटते तिच्यात खोट असते.

घरी आलो. आई हल्ली आमच्याकडेच असते. तिनं चष्मा लावला, कुंडीपाशी वाकली, एक पान तोडून बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

"अरे, ही तर घाणेरी!"

"आई, लँटाना आहे ती."

"असेल. केवढ्याला दिली?"

"चाळीसला." लग्न झालेला मुलगा आईला कुठलीही किंमत सांगताना आधी मनातल्या मनात भागाकार करतो.

"चाळीस रुपये मोजून घाणेरी आणलीस? बी. कॉम. झालास ना रे तू?" मग तिनं हात पदराला पुसला आणि आत जाता जाता एवढंच म्हणाली, "हिनं आमची ढवळी खाल्ली."

ढवळी कोण, ते मला माहीत नव्हतं. विचारलं तर आई म्हणाली, "जाऊ दे." आमच्या घरात 'जाऊ दे' हा शब्द आला की ते प्रकरण तिजोरीत गेलं असं समजायचं. दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे नाही आणि दुसरी कुणाकडे आहे ते माहीत नाही.

तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. दुसरा आणि चौथा शनिवार आम्हाला सुट्टी. त्या शनिवारांत मी ग्रंथालयात बसून घाणेरीचा इतिहास वाचायला लागलो. वनस्पतिशास्त्राचा आणि माझा संबंध कांदेपोह्यांवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीपुरता. पण बुडीत कर्जाच्या फायली वाचायची सवय असलेल्या माणसाला हे प्रकरण वाचताना अगदी घरच्यासारखं वाटलं.

या बाईंचं माहेर अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशात. सतराव्या शतकात डच लोकांनी तिला युरोपात नेलं. तिथं तिला काचघरात ठेवलं, कुंडीत वाढवलं, या जातीचा त्या जातीशी संकर लावून नवनवे रंग काढले. आज हिचे सहाशेहून जास्त वाण मोजतात. १७५३ साली लिनियस या स्वीडनच्या पंडितानं तिचं नाव पक्कं केलं: लँटाना कॅमारा. त्यातलं 'लँटाना' हे मूळचं युरोपातल्या भलत्याच एका झुडपाचं जुनं नाव. फुलांचे गुच्छ जरा सारखे दिसले म्हणून ते हिला चिकटलं. म्हणजे खातं उघडतानाच नावात घोळ. आमच्याकडे असं झालं असतं तर ऑडिटरनं लाल शेरा मारला असता. पण युरोपात दंव पडतं आणि दंव हिला सोसत नाही. त्यामुळे तिथं ती कायम पाहुणीच राहिली. गोऱ्या लोकांना वाटलं, किती शांत स्वभावाची मुलगी आहे!

मग ती हिंदुस्थानात आली. कलकत्त्याजवळ शिबपूरला ईस्ट इंडिया कंपनीनं १७८७ साली एक वनस्पतिबाग काढली होती. जहाजांना साग मिळावा, मसाल्याची झाडं लावावी, असा तिचा व्यापारी हेतू. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या योजनांचे हेतू कागदावर चांगलेच असतात. १८०७ ते १८०९ च्या सुमारास घाणेरी या बागेत शोभेचं झाड म्हणून आली. तेव्हा बागेचे प्रमुख होते विल्यम रॉक्सबर्ग. मोठे व्यासंगी गृहस्थ. त्यांच्या बागेतल्या झाडांची यादी १८१४ साली श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी छापली. हे केरी म्हणजे ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं तेच. त्या यादीत झाड कुठलं, कुणी दिलं, कधी आलं, फुलतं केव्हा, असे रकाने आहेत. मला ते रकाने फार आवडले. पूर्वी बँकेत खातं उघडायला ओळख देणाऱ्याची सही लागायची, तसलंच ते. फक्त एक रकाना तेवढा राहून गेला: जाणार कधी?

बागेतून ती छावण्यांत गेली. साहेबांच्या बंगल्याभोवती कुंपण म्हणून ही फार सोयीची. काटेरी, दाट, बारा महिने रंगीत, आणि मुख्य म्हणजे गुरं हिला तोंड लावत नाहीत. कुंपणाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? कुंपणातून ती एके दिवशी रस्त्यावर आली, रस्त्यावरून माळावर, माळावरून रानात. घाई मुळीच नाही. आमच्याकडेही कर्ज एका रात्रीत बुडत नाही. आधी एक हप्ता चुकतो, मग साहेब म्हणतात, "पार्टी चांगली आहे."

तिच्या कारभाराची पद्धत समजून घेतली तेव्हा मात्र मी मनोमन हात जोडले. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि त्यात मध असतो. कीटक येऊन काम करून गेला की त्याच फुलाचा रंग बदलायला लागतो, नारंगी होतो, गुलाबी होतो. हा 'काउंटर बंद' असा फलक. फुलपाखरांना तो वाचता येतो. ती गुलाबी फुलं सोडून पिवळ्यांवरच बसतात. पण गंमत अशी, की काम संपलेली गुलाबी फुलं गळून पडत नाहीत. ती आपल्या जागी बसून राहतात, कारण त्यांच्यामुळे गुच्छ मोठा दिसतो आणि लांबून गिऱ्हाईक येतं. शाखा गजबजलेली दिसण्यासाठी काम नसताना जागेवर बसून राहायचं, ही कला माणसानं शोधली असं मी वीस वर्षं समजत होतो.

पुढचं काम पाखरांचं. हिरवी फळं विषारी, पण पिकून काळी चकचकीत झाली की बुलबुलांची चंगळ. ती फळं खातात, दूर जाऊन बसतात आणि खताच्या चिमटीसह बी पेरून देतात. टपालखर्च शून्य.

या बाबतीत हवाई बेटांवरच्या विल्यम हिलेब्रँड नावाच्या जर्मन डॉक्टरांइतका योगायोगी माणूस दुसरा झाला नसेल. त्यांनी १८५८ साली बागेसाठी घाणेरी तिथं नेली. पुढे १८६५ साली पिकावरच्या अळ्या खायला म्हणून हिंदुस्थानातून साळुंक्या नेल्या, त्याही त्यांनीच. साळुंक्यांनी अळ्या किती खाल्ल्या कोण जाणे, पण घाणेरीची फळं मात्र मन लावून खाल्ली आणि बेटभर वाटली. एकाच माणसानं कर्जदारही आणायचा आणि जामीनदारही, याला आमच्याकडे फार वाईट शब्द आहे. शेवटी तिथले लोक इतके टेकीला आले, की १९०२ साली अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाला थेट मेक्सिकोत, म्हणजे घाणेरीच्या माहेरी पाठवलं. तिला तिकडे कोण छळतं ते शोधून इकडे आणा, असा हुकूम. त्यानं तेवीस जातींचे किडे पाठवले. तणावर किडे सोडण्याचा जगातला हा अगदी पहिल्यापैकी प्रयोग. सासरी जाच कमी पडतोय म्हणून माहेरची भांडकुदळ माणसं बोलावून घेण्याचाही, माझ्या माहितीप्रमाणे, पहिलाच.

आपल्याकडेही हे करून झालं. १९२१ साली हिच्या बिया पोखरणारी माशी बंगलोरला आणली. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक ढेकणासारखा किडा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आणला. तपासणीत लक्षात आलं, की हे महाशय सागाच्या फुलांनाही तोंड लावतात. सागाला धक्का म्हणजे सरकारी तिजोरीला धक्का. तेव्हा सगळे किडे नष्ट करा असं ठरलं, नष्टही केले, आणि काही वर्षांनी तोच किडा बाहेर रानात मजेत हिंडताना सापडला. प्रत्येक कचेरीत असा एक जण असतो. हाच किडा युगांडात सोडला, तर तिथं तो शेजारच्या तिळाच्या शेतात शिरला. ऑस्ट्रेलियानं १९१४ पासून तीसेक जाती सोडून पाहिल्या. घाणेरी त्या सगळ्यांना पुरून उरली. संकरामुळे हिचे इतके प्रकार झालेत, की एका प्रकाराला खाणारा किडा दुसऱ्या प्रकाराकडे ढुंकून बघत नाही.

आणि आपण स्वतः काय केलं? तोडली. तोडली की बुंध्यातून एकाच्या चार फुटतात. जाळली. जाळली की आजूबाजूची रोपं मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा हीच पहिली उगवते. जिथं आपण झाडं तोडून रान उघडं केलं, तिथं ही आधीच सतरंजी टाकून बसलेली. १९१६ सालीच कूर्गच्या जंगलातल्या घाणेरीबद्दल एका वनाधिकाऱ्यानं 'इंडियन फॉरेस्टर'मध्ये लेख लिहिला होता. लेख लिहिले गेले, घाणेरी वाढत गेली. डेहराडूनच्याच भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली हिशेब मांडला: वाघांच्या प्रदेशातली १,५४,००० चौरस किलोमीटर रानं हिनं व्यापली आहेत, म्हणजे तिथल्या रानाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. मी लगेच पेन काढून महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाला दोननं भागलं. उत्तर जवळजवळ तेच आलं. म्हणजे मुंबईपासून निघायचं आणि अर्ध्या महाराष्ट्रभर सलग घाणेरी. खाली गवत नाही. गवत नाही म्हणून हरणं नाहीत, आणि हरणं नाहीत म्हणून पुढचं सगळंच अवघड.

नावं ठेवण्यात मात्र आपल्या लोकांनी कसूर केलेली नाही. ही घाणेरी, कुठं टणटणी. नाल्याकाठच्या जांभळट फुलांच्या झुडपाला बेशरम. कोकणात रान मोडणारी ती रानमोडी. गाजर गवताची नोंद १९५५ साली आमच्या पुण्यातच झाली, तर त्याला काँग्रेस गवत म्हणून मोकळे झालो. नाव ठेवलं की आपलं कर्तव्य संपलं. नंतर उपटायला कुणी जात नाही.

हे सगळं मी सौ.ला मोठ्या उत्साहानं सांगत असे. ती म्हणायची, "पण फुलं किती छान येतायत बघा." येत होतीच. कुंडी दसऱ्यापर्यंत दुप्पट झाली. पलीकडच्या बाल्कनीतल्या वहिनींनी एक फांदी मागितली. मी जंगलांचा हिशेब सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "नसेल द्यायची तर तसं सांगा हो भाऊजी."

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी मी आईला सहज वाचून दाखवत होतो, की घाणेरीच्या पाल्यात यकृताला मारक असं विष असतं. जनावराला कावीळ होते, मग त्याच्या कातडीला ऊन सोसत नाही. ऊन लागेल तिथं कातडी सुजते, फाटते. पांढऱ्या कातडीला जास्त.

आई गवार मोडत होती. तिचे हात थांबले.

"नाकपुडीपासून सुरू होतं," ती म्हणाली. "मग कानाच्या कडा."

बहात्तर साल. पुरंदरच्या पायथ्याचं तिचं गाव. आई तेरा-चौदा वर्षांची. मामाकडच्या माणसांनी चाऱ्याअभावी एक गाय त्यांच्याकडे आणून सोडली होती, पांढरीशुभ्र म्हणून ढवळी. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला. ढवळीला डोंगराच्या कडेला हिंडवून आणायचं काम आईचं. गवत नावाला नव्हतं. डोंगर मात्र हिरवागार दिसायचा, सगळी घाणेरीच. गावातली जनावरं उपाशी राहायची पण तिला शिवायची नाहीत. ढवळी देशावरची, परगावची. तिला काय ठाऊक?

"त्या दिवशी शाळेत सुकडी वाटत होते," आई म्हणाली. "मी तिला खुंटीला अडकवली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. रांग मोठी होती. परत आले तर दावं तोडून ती घाणेरीत उभी. तोंड हलत होतं तिचं. मला बरंच वाटलं, म्हटलं, खातेय बिचारी काहीतरी."

आठ दिवस तिला अंधाऱ्या गोठ्यात ठेवली होती. उजेडात आणलं की हंबरायची. नवव्या दिवशी गेली. आईनं सुकडीच्या रांगेचं घरात कुणाला सांगितलं नाही. आजोबा वारले, आजी वारली, तरी नाही.

मी वाचलेलं मला आठवलं, आणि मी घाईघाईनं सांगायला लागलो, की आई, यात तुझा काही दोष नाही. बाहेरून आणलेली जनावरंच ही चूक करतात, पुस्तकात लिहिलंय. आणि दुष्काळात तर जास्तच. आणि मुळात ही घाणेरी कलकत्त्याला साहेबानं आणली नसती तर...

"कलकत्त्याचा साहेब नव्हता रे तिथं," आई म्हणाली. "मी होते." आणि पुन्हा गवार मोडायला लागली.

त्या संध्याकाळी मी कुंडी काढायचं ठरवलं. सौ.नं आमचं बोलणं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तिनंच खुरपं आणून दिलं. काढण्याचीही रीत आहे. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू या प्राध्यापकांनी ती बसवून दिली: वरून छाटायचं नाही, जमिनीखाली जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे मुळं वर, पुन्हा मातीला लागायला नकोत. मी पुस्तकाप्रमाणे मूळ शोधत बसलो. आई म्हणाली, "अजून खाली." मी आणखी खाली गेलो. "अजून." शेवटी कुंडीच फुटली. मग मूळ तुटलं. झुडूप उलटं करून बाल्कनीच्या कठड्याला टेकवून ठेवलं, तर येणारा-जाणारा वर बघून विचारायचा, काय, ग्रहण वगैरे आहे का?

सगळी घाणेरी अशी उलटी करता येईल तेव्हा येईल. तोवर काही लोकांनी तिच्याकडून थोडी वसुली चालवली आहे. कर्नाटकात मलई महादेश्वराच्या डोंगरातले सोलिगा लोक हिच्या काठ्यांच्या खुर्च्या आणि टोपल्या करतात. नीलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी तर काठ्या उकळून, सोलून, वाकवून खऱ्या मापाचे हत्ती केले. २०२१ साली ते शंभराहून जास्त हत्ती लंडनच्या बागांमध्ये उभे होते, आणि २०२४ मध्ये असलेच हत्ती अमेरिकेत गेले, घाणेरीच्या माहेरच्या खंडात. दोनशे वर्षांपूर्वी शोभेसाठी बागेत आणलेली वस्तू त्याच साहेबाच्या बागेत शोभेसाठी परत, तीही चांगल्या किमतीला. खातं भरून निघालं असं मी म्हणणार नाही, पण इतक्या थकलेल्या खात्यात एवढा जमेचा आकडा दिसला की कारकुनाला बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी सौ.ला सांगितली नव्हती. कुंडी काढायच्या आदल्या रविवारी फळांचे तीन काळे घोस मी स्वतः मोजले होते. काढताना एकच होता. आणि समोरच्या केबलच्या तारेवर बुलबुलाची एक जोडी बसलेली होती, जेवण झाल्यासारखी.

या श्रावणात आमच्या सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरीसाहेबांची सूचना लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पार्किंगच्या मागील भिंतीलगत एक सुंदर फुलझाड आपोआप उगवले असून त्यामुळे परिसराच्या शोभेत भर पडत आहे. तरी कोणीही त्यास इजा करू नये. पाणी घालण्यासाठी इच्छुकांनी नावे द्यावीत.' खाली चार नावं आलेलीही होती. पहिलं पलीकडच्या वहिनींचं.

मी आईला खाली घेऊन गेलो. भिंतीलगत गुडघाभर झुडूप, त्यावर रुपयाएवढा गुच्छ, मधे पिवळा, कडेनं गुलाबी. आईनं वाकून एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. मग सेक्रेटरींच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"खुरपं आण."